बीटी८७८ कॅप्चर कार्ड चालू असताना अख्खं मशीन गोठतंय (डेबियन १२)

पिंपळपार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात व्हीएचएस कॅसेटींनी भरलेलं एक कपाट आहे. नव्वदच्या दशकातल्या गणेशोत्सवातली गावच्या पोरांनी बसवलेली नाटकं, सप्ताहातली कीर्तनं, काही सत्कार. यातली बरीच माणसं आता नाहीत. काही कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसायला लागली आहे, त्यामुळे हे सगळं लवकरात लवकर संगणकावर उतरवून घ्यायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

सामान असं: जुना डेस्कटॉप, बोर्डावर दोन पीसीआय स्लॉट, डेबियन १२ लिनक्स (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.१), बीटी८७८ चिपचं बिननावाचं कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं). व्हीसीआरमधून कॉम्पोझिट केबल कार्डात, आवाज मदरबोर्डच्या लाइन-इनमध्ये. एफएफएमपेगने ७२० बाय ५७६ ला, एफएफव्ही१ या दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये कॅप्चर करतो.

अडचण: कॅप्चर सुरू केलं की कधी दहा-पंधरा मिनिटांत, तर कधी दीड-दोन तासांनी मशीन गोठतं. माउस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. पॉवर बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसतं. परत चालू करून लॉग उघडावा तर त्यात गोठण्याबद्दल एक अक्षर नाही. कॅप्चर न करता मशीन कितीही दिवस चालू ठेवलं तरी काही होत नाही. मेमटेस्ट रात्रभर चालवली, पॉवर सप्लाय दुसरा लावून पाहिला, फरक नाही. आणखी एक: जुन्या, खराब कॅसेटींवर हे लवकर होतं असं वाटतं.

कार्ड चालवणाऱ्या बीटीटीव्ही ड्रायव्हरवर संशय आहे. दर वेळी गोठलं की तीच फीत पुन्हा सुरुवातीपासून फिरवावी लागते. काही फिती इतक्या नाजूक आहेत की त्या आणखी किती वेळा फिरतील याची खात्री नाही. कृपया मार्ग सुचवा.

मोकळावारा

दादा, पंधराशे-दोन हजारात यूएसबी कॅप्चर स्टिक मिळते. जुन्या पीसीआय कार्डामागे कशाला वेळ घालवता?

पिंपळपार

मित्राची स्टिक आणून पाहिली. चांगल्या कॅसेटीवर ठीक चालते. फितीवर सिंक (चित्राच्या ओळी जुळवणारा संकेत) जरा डळमळला की ती फ्रेम गाळते, आणि मग आवाज पुढे, चित्र मागे अशी गत होते. कीर्तनात ते चालत नाही. हे कार्ड वाईट सिग्नलवरसुद्धा चित्र धरून ठेवतं, म्हणून त्याचा हट्ट.

जुनाटीव्ही

मी २००० सालापासून केबल आणि नंतर सीसीटीव्हीच्या धंद्यात आहे. बीटी८४८, बीटी८७८ ही कार्डं शेकड्याने बसवली आहेत, एकाच पट्टीवर चार-चार चिपा असलेली डीव्हीआर कार्डंसुद्धा. त्या काळातलं गोठणं दोन-तीन कारणांनी व्हायचं, ती सांगतो.

पहिलं, ओव्हरले. तेव्हा प्रोसेसर इतके ताकदवान नव्हते, म्हणून टीव्हीचं चित्र कॅप्चर कार्ड थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत लिहायचं. रॅम नाही, प्रोसेसर नाही, एका पीसीआय कार्डाकडून सरळ दुसऱ्या पीसीआय कार्डाकडे. बऱ्याच चिपसेटांना हे झेपायचं नाही आणि अख्खी बस अडकायची. लिनक्स कर्नलमध्ये अशा चिपसेटांची वेगळी यादीच ठेवलेली आहे, आणि यादीतला चिपसेट सापडला की ड्रायव्हर स्वतःहून ओव्हरले बंद ठेवतो.

दुसरं, बस वाटून घेण्याच्या वेळेचे घोळ. त्यासाठी बीटीटीव्हीला ट्रायटन१ आणि व्हीएसएफएक्स असे दोन पर्याय मॉड्यूल चढवतानाच देता येतात. लेटन्सी नावाचाही एक पर्याय आहे, कार्डाने बस किती वेळ धरून ठेवायची ते त्याने ठरतं.

तिसरं, कार्डाचा नंबर. बिननावाच्या कार्डांवर ओळख सांगणारी ईईप्रॉम चिप नसते, ड्रायव्हर मग त्याला 'अननोन जेनेरिक' म्हणून शून्य नंबर देतो. याने चित्र किंवा आवाज जातो, ट्यूनर चुकतो. मशीन मात्र सहसा गोठत नाही.

तुमच्याकडे ओव्हरले चालू आहे का?

पिंपळपार

नाही काका, एफएफएमपेग फ्रेम रॅममध्येच घेतो, प्रीव्ह्यूसुद्धा लावत नाही. ट्रायटन१ आणि व्हीएसएफएक्स दोन्ही १ करून पाहिले, मशीन तसंच गोठलं. कार्ड नंबर शून्यच दिसतो, पण कॉम्पोझिटचं चित्र स्वच्छ येतं.

रात्रपाळी

सर्व्हरची देखभाल हा माझा रोजचा धंदा. ड्रायव्हरचे पर्याय बदलणं जरा थांबवा. आधी 'गोठलं' म्हणजे नक्की काय मेलं ते शोधू. बाहेरून सारखंच दिसतं, पण आतून चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात:

फक्त डेस्कटॉप अडकलाय आणि खाली कर्नल ठणठणीत आहे. किंवा कर्नल जिवंत आहे, पण प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघत थांबलेत. किंवा एखादा प्रोसेसर कर्नलच्या आत घिरट्या घालतोय. किंवा खरोखरच बस अडकून सगळं ठप्प झालंय, जे जुनाटीव्ही काकांनी सांगितलं. पहिल्या तिन्हींत मशीनकडून माहिती काढून घेता येते. चौथ्यात जवळजवळ काहीच येत नाही, पण काही न येणं हीसुद्धा माहितीच.

दुसरा संगणक किंवा लॅपटॉप त्याच राउटरला जोडा आणि पुढचं करा. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

१) लॅपटॉपवरून त्या मशीनला पिंग चालू ठेवा. गोठल्यावर पिंग चालू राहतं की थांबतं?

२) कॅप्चर सुरू करायच्या आधीच लॅपटॉपवरून एसएसएचने रूट म्हणून आत शिरून बसा. नंतर शिरायला जाल तर नवीन लॉगिनला डिस्क लागते, आणि डिस्कच अडकली असेल तर तुम्ही दाराबाहेरच राहाल. आधीपासून उघडं असलेलं बॅश मेमरीत असतं.

३) नेटकन्सोल लावा. हे कर्नलचं मॉड्यूल कर्नलचा प्रत्येक संदेश यूडीपीने सरळ दुसऱ्या मशीनकडे फेकतं, डिस्कचा संबंधच येत नाही. मॉड्यूल चढवताना तुमच्या मशीनचा आयपी, नेटवर्क कार्डाचं नाव आणि लॅपटॉपचा आयपी द्यायचा. पोर्ट दिला नाहीत तर पाठवायला ६६६५ आणि घ्यायला ६६६६ धरला जातो. लॅपटॉपवर नेटकॅट यूडीपी ६६६६ वर ऐकत ठेवा. दोन पथ्यं: मशीन वायरने जोडलेलं हवं, वायफायवर बहुधा चालत नाही. आणि डीमेसग -एन ८ देऊन संदेशांची पातळी वाढवा, नाहीतर महत्त्वाच्या ओळी गाळल्या जातात.

४) गोठल्यावर उघड्या एसएसएच खिडकीत इको डब्ल्यू असं लिहून ते /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये ढकला. अडकून पडलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी नेटकन्सोलवर येईल. डब्ल्यूऐवजी एल दिलंत तर प्रत्येक प्रोसेसर त्या क्षणी काय करतोय ते कळतं. इको बॅशच्या पोटातलंच आहे, त्यासाठी डिस्कवरून काही वाचावं लागत नाही.

कीबोर्डवरून ऑल्ट-सिसआरक्यू-डब्ल्यू दाबून काही होणार नाही. डेबियनमध्ये सिसआरक्यूचं (कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळीचं) मूल्य ४३८ असतं, त्यात डीबग यादी काढायचा ८ चा बिट नाही. उबुंटूत १७६, त्यातही नाही. ट्रिगर फाइलला मात्र ही बंदी लागू नसते.

आणि कॅप्चर चालू असताना /प्रॉक/इंटरप्ट्स फाइल जशीच्या तशी इथे टाका. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक; कोणतं उपकरण कोणत्या लाइनवरून (आयआरक्यू) हाक देतं ते तिच्यात दिसतं.

मोकळावारा

एवढं करण्यापेक्षा पीसीआय=नोएमएसआय देऊन बूट करून बघा ना. नेटवर हाच उपाय खूप ठिकाणी दिलेला आहे. नाहीतर नोआयआरक्यूडीबग.

रात्रपाळी

दोन्ही करू नका, निदान आत्ता तरी. नोएमएसआय दिलं की ज्या उपकरणांची इंटरप्टची स्वतंत्र व्यवस्था (एमएसआय) आहे तीही जुन्या सामायिक इंटरप्ट लाइनींवर येऊन बसतात, गर्दी वाढते. नोआयआरक्यूडीबग तर कर्नलची एक सुरक्षाच काढून घेतो. कारण पुढे कळेल असा अंदाज आहे. पिंपळपार यांचा निकाल येऊ द्या.

पिंपळपार

रात्रपाळी, तुमचे उपकार कसे मानू. सगळं लावलं, एक खराब कॅसेट घातली आणि बसून राहिलो. गोठलं.

पिंग चालूच! एकही पॅकेट गळलं नाही. उघड्या एसएसएचमध्ये एंटर मारलं तर प्रॉम्प्ट येतो. पण डीएफ कमांड दिली तर खिडकी तिथेच थांबली. म्हणून दुसरी खिडकी आधीच उघडून ठेवली होती, तिच्यातून इको केलं. समोर बसून आणखी एक दिसलं: माउस मेल्यावरही पडद्यावरचं घड्याळ थोडा वेळ पुढे सरकत होतं, मग थांबलं.

नेटकन्सोलवर आलेल्या ओळींतलं मुख्य असं:

आयआरक्यू १८: नोबडी केअर्ड, ट्राय बूटिंग विथ द आयआरक्यूपोल ऑप्शन
हँडलर्स: एटीए_बीएमडीएमए_इंटरप्ट, यूएसबी_एचसीडी_आयआरक्यू, बीटीटीव्ही_आयआरक्यू
डिसेबलिंग आयआरक्यू #१८

आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटाने:

एटीए१: लॉस्ट इंटरप्ट
एटीए१.००: एक्सेप्शन ... फ्रोझन

डब्ल्यूच्या यादीत जेबीडी२, एफएफएमपेग, जर्नलडी, सगळे डी अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेले.

/प्रॉक/इंटरप्ट्समधली १८ नंबरची ओळ: आयओ-एपिक, एटीए_पीक्स, ईएचसीआय_एचसीडी:यूएसबी१, बीटीटीव्ही०. म्हणजे डिस्क, यूएसबी आणि कॅप्चर कार्ड एकाच ओळीत आहेत. नेटवर्क कार्ड वेगळ्या ओळीत, पुढे पीसीआय-एमएसआय असं लिहिलंय.

रात्रपाळी

सापडलं. लॉगमध्ये का काही नव्हतं तेही यातच आहे. 'नोबडी केअर्ड' ही ओळ कर्नलने दर वेळी छापलीच असणार, पण ती जिच्यावर लिहायची ती डिस्कच त्या क्षणी मेलेली होती. कीबोर्ड-माउस यूएसबीवर, म्हणून तेही गेले. नेटवर्क कार्ड एमएसआयवर, म्हणून पिंग चालू. घड्याळ थोडा वेळ सरकलं, कारण डेस्कटॉपला डिस्ककडून काही हवं होईपर्यंत तो चालू राहिला.

चिपच्या पातळीवरचं चाफेकळी ताई जास्त नीट सांगतील, त्यांनी पीसीआयईवर काम केलं आहे.

चाफेकळी

आत्ताच पूर्ण धागा वाचला. सांगते.

जुन्या पीसीआयमध्ये इंटरप्टच्या चारच तारा असतात, ए ते डी, आणि त्या उपकरणांना वाटून घ्याव्या लागतात. जुन्या वाड्याच्या दिंडीला एकच घंटा आणि आत चार बिऱ्हाडं, तसं. घंटा वाजली की प्रत्येकाने बाहेर डोकावून पाहायचं, आपला पाहुणा आहे का. ज्याचा असेल त्याने त्याला आत घ्यायचं, की घंटा थांबते. कर्नलही तसंच करतो: १८ वाजला की एटीए, यूएसबी आणि बीटीटीव्ही, तिघांच्या हँडलरना ओळीने विचारतो, 'तुमचं काम आहे का?'

आता घंटेचं बटण दाबलेल्या स्थितीतच अडकलं तर? तिघेही दर वेळी म्हणणार, 'आमचं नाही.' कर्नल हे मोजत असतो. दर १,००,००० इंटरप्टांमागे ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की तो 'नोबडी केअर्ड' छापतो आणि ती लाइनच बंद करतो. बंद केली नाही तर एक प्रोसेसर अखंड त्यातच अडकून पडेल. नोआयआरक्यूडीबगने हीच मोजणी थांबते, म्हणून रात्रपाळींनी नको म्हटलं ते योग्यच. पण लाइन बंद झाली की तिच्यावरचे निर्दोष शेजारीही बहिरे होतात. तुमच्या मशीनवर डिस्क हा असा शेजारी होता.

बटण का अडकतं? तुमचा बोर्ड पीसीआयईच्या काळातला आहे, पण त्यावर पीसीआय स्लॉट आहेत. म्हणजे मध्ये पीसीआयई-ते-पीसीआय ब्रिज चिप आहे. एलएसपीसीआय -टी देऊन बघा, कार्ड एका ब्रिजच्या पोटात दिसेल. पीसीआयईमध्ये इंटरप्टची खरी तार नसतेच. तार खाली गेली की ब्रिजने 'असर्ट' असा संदेश वर पाठवायचा आणि तार सुटली की 'डीअसर्ट'. काही ब्रिज चिपा क्वचित हा दुसरा संदेश पाठवायच्या राहतात. कार्डाने आपली तार केव्हाच सोडलेली असते, पण वरच्यांना वाटतं घंटा अजून वाजतेच आहे. मग वरचा प्रकार घडतो.

हे दर इंटरप्टमागे अगदी कमी शक्यतेने होतं. पण पॅल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम) येतात, तासाला १,८०,०००. कॅप्चर चालू असताना कार्ड सतत इंटरप्ट देत असतं, त्यामुळे कधी पंधरा मिनिटांत, कधी दोन तासांत ती वेळ येतेच. कॅप्चर बंद असेल तर कार्ड जवळपास गप्प असतं, म्हणून मशीन आरामात चालतं.

जुनाटीव्ही

ताई, फारच छान उलगडून सांगितलंत. पण खराब कॅसेटवर लवकर का होतं? सिग्नल वाईट असला तरी फील्ड सेकंदाला साधारण तेवढीच.

चाफेकळी

काका, हा प्रश्न मलाही पडला म्हणून ड्रायव्हरचा सोर्स उघडला. बीटी८७८ ला कोणत्या घटनांवर इंटरप्ट द्यायचा हे ड्रायव्हर एका मास्कमध्ये लिहितो. त्यात आरआयएससीआय आहे, म्हणजे फ्रेम मेमरीत लिहून झाली की येणारा नेहमीचा इंटरप्ट. ओसीईआरआर, एससीईआरआर आहेत, चुकांसाठी. आणि एचलॉक, एफएमटीसीएचजीसुद्धा आहेत. एचलॉक म्हणजे आडव्या सिंकची पकड बदलली, एफएमटीसीएचजी म्हणजे सिग्नलचा प्रकार बदलला. खराब फितीवर ही पकड सारखी सुटते आणि बसते, आणि दर वेळी एक जादा इंटरप्ट. जितके इंटरप्ट जास्त, तितकी ब्रिजला चुकायची संधी जास्त.

पिंपळपार, हे तपासता येईल. वॉच लावून १८ ची ओळ बघत राहा, एकदा चांगली कॅसेट आणि एकदा खराब.

पिंपळपार

तपासलं. चांगल्या कॅसेटीवर आकडा एका लयीत वाढतो. खराब कॅसेटीवर जिथे चित्र वरून वाकतं आणि फाटतं, नेमका तिथे आकडा झपाझप उडी मारतो. पडदा आणि आकडा शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं, अगदी हातात हात घालून चाललेत. कीर्तनकार बुवांच्या पगडीवर पांढऱ्या रेघा येतात आणि त्याच क्षणी आकडे धावतात. अंगावर काटा आला.

एलएसपीसीआय -टीमध्ये ब्रिजही दिसतोय, ताई म्हणाल्या तसाच.

मग दोष ड्रायव्हरचा म्हणायचा की ब्रिजचा?

रात्रपाळी

माझ्या मते बीटीटीव्हीवर ठपका ठेवणं अन्याय होईल. त्याच्या हँडलरमध्ये स्वतःच्या कार्डाच्या वादळासाठी वेगळा अटकाव आहे: एकाच फेरीत तोच इंटरप्ट पुन्हा-पुन्हा दिसला तर तो 'आयआरक्यू लॉकअप' छापून कार्डाचा मास्क पुसून टाकतो. तुमच्या लॉगमध्ये ती ओळ आलेली नाही. म्हणजे कार्डाकडे प्रलंबित काहीच नव्हतं, वादळ त्याच्या वर कुठेतरी होतं. दोघांत फरक करायला हा पुरावा मोलाचा आहे.

चाफेकळी

सहमत, पण थोडं वेगळं म्हणेन. एचलॉकचा इंटरप्ट खराब सिग्नलवर किती येईल याला ड्रायव्हरमध्ये काही मर्यादा नाही, आणि नुसतं कॅप्चर करणाऱ्याला त्याचा उपयोगही नाही. चाचणी म्हणून मास्कमधून एचलॉक आणि एफएमटीसीएचजी काढून मॉड्यूल बांधून बघता येईल. एका ओळीचा बदल आहे. मूळ रोग त्याने जाणार नाही, पण वेळ मिळेल.

रात्रपाळी

आता उपाय, याच क्रमाने करा.

सगळ्यात आधी डिस्क त्या लाइनवरून हलवा. तुमच्या यादीत एटीए_पीक्स आहे, म्हणजे बायोसमध्ये साटा आयडीई मोडमध्ये ठेवलेला आहे. तो एएचसीआय करा. एएचसीआय ड्रायव्हर एमएसआय वापरतो, डिस्कला स्वतःचा इंटरप्ट मिळेल. डेबियनच्या इनिटरॅमएफएसमध्ये तो ड्रायव्हर सहसा असतोच. फक्त एफएसटॅबमध्ये डिस्क यूयूआयडीने लिहिलेली आहे ना ते बघून घ्या.

मग कार्ड दुसऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये टाका. स्लॉट बदलला की चार तारांची फिरवाफिरव होते आणि कार्ड बहुधा दुसऱ्या लाइनवर जातं. /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये त्याच्या शेजारी कोणी नसेल असं बघा.

एवढं केल्यावरही ब्रिज चुकेल. पण तेव्हा फक्त कॅप्चर थांबेल, मशीन जिवंत राहील. बीटीटीव्ही मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवलंत की बंद केलेली लाइन पुन्हा उघडते, रीबूट लागत नाही.

एसएनडी_बीटी८७एक्स हे आवाजाचं मॉड्यूल तुम्ही वापरत नाही, ते ब्लॅकलिस्ट करा. चिपचा दुसरा भाग उगाच जागा ठेवायला नको.

आयआरक्यूपोल हा शेवटचा पर्याय. त्यात कर्नल टायमरच्या प्रत्येक ठोक्याला सगळ्या हँडलरना विचारत बसतो. चालतं, पण मशीनवर भार पडतो, आणि तुम्हाला एफएफव्ही१ साठी प्रोसेसर हवा आहे.

जुनाटीव्ही

एक भर घालतो. एफएफएमपेगला सेगमेंट पर्याय देऊन दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. मधेच काही झालं तर मागचे तुकडे शाबूत राहतात, फीत पहिल्यापासून फिरवावी लागत नाही. तुम्हाला फितीचीच काळजी आहे, तर हे आधी करा.

आणि बीटीटीव्हीमध्ये व्हीसीआर हॅक नावाचं एक सेटिंग आहे, व्ही४एल२-सीटीएलने चालू होतं. व्हीएचएसमध्ये फील्डच्या अगदी तळाच्या ओळींत हेड बदलल्याचा खरखराट असतो. हे सेटिंग लावलं की ड्रायव्हर शेवटच्या चार ओळी घेतच नाही, आणि कार्ड पुढच्या फील्डच्या सिंकसाठी लवकर मोकळं होतं. चित्र वरून वाकणं यानेही बरंच कमी होतं.

डोंबिवलीलोकल

मला थोडा वेगळा प्रश्न आहे. माझ्याकडे पीसीआयई कार्ड आहे, सीएक्स२३८८५ चिपचं, नवीन राइझन मशीनवर. मशीन गोठत नाही, पण कॅप्चर अचानक थांबतं आणि डीमेसगमध्ये 'एमपेग रिस्क ऑप कोड एरर' येतं. हाच प्रकार का?

चाफेकळी

नाही, तो वेगळा. त्या चिपमध्येही बीटी८७८ सारखंच, मेमरीत ठेवलेल्या छोट्या सूचना वाचून डीएमए (प्रोसेसरविना थेट मेमरीत लिहिणं) करणारं इंजिन आहे, आणि राइझन मशीनवर ते अडकतं अशा तक्रारी आल्या होत्या. ड्रायव्हरमध्ये त्यासाठी डीएमए_रीसेट_वर्कअराउंड नावाचा पर्याय आहे. मूल्य १ असेल तर ड्रायव्हर स्वतः मशीन ओळखून ठरवतो, ०ने सक्तीने बंद, २ने सक्तीने चालू. आधी २ देऊन बघा. फरक पडला तर ओळखण्यात चूक होते आहे असं समजा आणि कर्नल नवीन घ्या.

मोकळावारा

माझ्या काकांच्या दुकानात विंडोजवर असंच गोठतं, तिथे नेटकन्सोल कुठून आणू?

रात्रपाळी

विंडोजमध्ये रजिस्ट्रीत क्रॅशऑनकंट्रोलस्क्रोल चालू करून ठेवा. गोठल्यावर उजवं कंट्रोल धरून स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की मुद्दाम निळा पडदा येतो आणि मेमरी डंप लिहिला जातो. यूएसबी कीबोर्डची नोंद केबीडीएचआयडीखाली करायची. पण यूएसबी आणि डिस्कच मेले असतील तर तिथेही काही उमटणार नाही. आणि कार्डाचा ड्रायव्हर ड्रायव्हर व्हेरिफायरखाली चालवून बघा. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, इथे पिंपळपार यांचं काम पूर्ण होऊ दे.

पिंपळपार

एएचसीआय केलं, स्लॉट बदलला, ब्लॅकलिस्ट केलं, व्हीसीआर हॅक चालू केला. कार्ड आता १९ वर एकटं आहे. ताईंनी सुचवलेला एका ओळीचा बदलही करून मॉड्यूल बांधलं, आता खराब फितीवरही आकडा लयीत वाढतो.

सगळ्यात खराब कॅसेट मुद्दाम लावून ठेवली. बराच वेळ नीट चाललं, मग नेटकन्सोलवर 'नोबडी केअर्ड' आलं, या वेळी आयआरक्यू १९. मशीन जागचं हललं नाही! माउस चालू, डिस्क चालू. मॉड्यूल उतरवलं, चढवलं, कॅप्चर पुढे सुरू. गेला फक्त चालू तुकडा, तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा घेतला. चांगल्या कॅसेटींवर तर अजून एकदाही झालेलं नाही.

१९९४ च्या उत्सवातलं नाटक पूर्ण उतरलं. ज्यांनी मुख्य भूमिका केली होती त्यांच्या मुलीला दाखवलं. वडील चालताना-बोलताना तिने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहिले. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता बुरशीवाल्या कॅसेटी राहिल्यात. त्या तशाच व्हीसीआरमध्ये घालू का?

जुनाटीव्ही

अजिबात नको. बुरशी हेडला लागली की तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते. त्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डबाबंद. हाताळताना मास्क आणि हातमोजे लावा, ती धूळ नाकात जाणं चांगलं नाही. साफ करायला एक जुना, कामातून गेलेला व्हीसीआर वेगळा ठेवतात, ज्यात फीत ड्रमला न लागता नुसती कोरड्या मऊ कापडावरून गुंडाळली जाते. माझ्याकडे असा एक पडून आहे, झाकण काढून कापडाची पट्टी बसवलेला. मी मिरजेत असतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन घेऊन जा आणि काम झालं की परत आणून द्या.

पिंपळपार

काका, व्यनि केलाय. रविवारी येतो.